उठून बसलेलं आसन

अगं, ती मेथी राहू दे बाजूला आणि नुसतं ऐक. मधे एक अक्षर बोलू नकोस, नाहीतर माझं सगळं विसरायला होईल.

थेरगावची शालन. तू तिला बघितलेलं नाहीस, म्हणून आधी तिचं सांगते. उद्धवरावांची थोरली. रोज नदी ओलांडून चिंचवडात यायची, कौशल्याबाईंच्या हस्तव्यवसायाच्या वर्गाला. वर्ग म्हणजे काय, बंद पडलेल्या तालमीची पडवी. आत आखाड्याची लाल माती तशीच, आणि बाहेर पडवीत आठ-दहा पोरी सुया, टकळ्या, लोकर घेऊन बसलेल्या. कुणाच्या हातातून गुंडी निसटली की ती थेट आखाड्यात जायची आणि लाल होऊन यायची.

या शालनची खोड एकच. कुठलीही वस्तू दिसली की तिला ती आतून बघायची असते. लहानपणी म्हणे खुडूक कोंबडीच्या पोटाखालचं अंडं काढून कानाला लावून बसली होती, आत पिल्लू काय करतंय ते ऐकायला. आईनं लाटणं फेकून मारलं. लाटणं चुकवलं, पण अंडं नाही सोडलं.

तर वर्गाच्या शेवटी परीक्षा होती. पुण्याहून परीक्षक बाई येणार. पास झालं की पुण्याला मोठ्या शाळेत शिक्षिकेचा कोर्स, राहायची सोयही तिथंच. आणि तिथं म्हणे रंगाची वेगळी खोली आहे, नुसत्या मडक्यांनी भरलेली, आणि भिंतीएवढे माग आहेत. कौशल्याबाईंनी एकदा सहज सांगितलं, आणि ती खोली शालनच्या डोक्यात जी जाऊन बसली ती बसलीच. उठता-बसता, "बाई, त्या मडक्यांत काय काय असंल?" उद्धवरावांनी मात्र सरळ सांगून टाकलं होतं, "पास झालीस तर मी सोता तुला पुण्याला पोचवतो. न्हाई झालीस तर गुमान घरी बसून पोलक्यांची काजं-बटणं करायची. मागनं रडगाणं न्हाई ऐकणार मी." आणि उद्धवराव बोलले की बोलले, हं.

परीक्षेला करायचं होतं जेन. म्हणजे कसं, लोकर कातायची नाही, विणायची नाही, काही नाही. पिंजलेली लोकर चटईवर थरांवर थर पसरायची, वर रिठ्याचं कढत पाणी शिंपडायचं, हातानं थापायचं, मग चटईची गुंडाळी करून ती लाटत बसायची, लाटत बसायची, हात मोडून येईपर्यंत. उलगडलं की लोकरीचा लोकरीलाच धरून जाड कापड झालेलं असतं. त्याचं एक आसन करायचं. सपाट, चौकोनी, माणूस बसेल असं.

शालनची जोडी होती गौहरशी. चिंचवडातले चांदभाई पिंजारी आहेत ना, त्यांची मुलगी. वर्गाची सगळी लोकर चांदभाईच पिंजून द्यायचे. गौहर कामाला चोख, पण जिभेला धार. शालनचं सरावाचं पहिलं जेन बघून कौशल्याबाई म्हणाल्या, "शालन, या कडा बघ. म्हशीनं चावल्यासारख्या." तर गौहर लगेच, "बाई, म्हशीला नावं नका ठेवू."

आता कडा सरळ कशा करायच्या? शालन घरी गेली तर परसात उद्धवराव वांग्यांच्या वाफ्याला कुंपण बांधत होते. ते पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर सळ्या बांधायला जातात, तिथल्या मऊ तारेचे उरलेले तुकडे खिशातून घेऊन येतात. शालननं ती तार बघितली आणि झालं! छत्रीला काड्या असतात, टोपलीच्या काठाला जाड बांबू असतो, मग जेनाच्या कडेला तार का नको?

दुसऱ्या दिवशी उद्धवराव ओरडतायत, "माझी तार कुनी नेली?"

"मी नेली. लोकरीत घालायची हाय."

"लोकरीत? मेंढरंच उरली न्हाईत, कुंपण कुनाला घालतीस?"

आणि आता बघ, खरी गंमत इथं आहे. कौशल्याबाईंनी शिवणात पोरींच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसवली होती, आधी माप घ्या, मग कापा. शालननं अगदी तेच केलं. लोकर पसरली, चारी बाजू मोजल्या, बरोब्बर तेवढ्याच तारा तोडल्या, सरकू नयेत म्हणून टोकांना आकडे केले आणि दोन थरांच्या मधे कडेकडेनं ठेवल्या. वर पाणी, वर थापणं, गुंडाळी, लाटणं. सगळं शिस्तीत. उलगडलं, तर काय सांगू! सपाट नाहीच. चारी कडा खाली-वर, खाली-वर, कोबीच्या पानासारख्या. हातानं दाबून एक बाजू बसवली की दुसरी उठते.

सगळ्या पोरी पोट धरून हसल्या. शालन नाही हसली. ती खाली वाकून, डोळा जमिनीला लावून त्या कडेखालून बघत होती.

"गौहर, हे का उठलं गं?"

"तुझ्यासारखंच हाय म्हणून. एका जागी बसंना."

"न्हाई गं, खरंच सांग."

गौहरनं कड चिमटीत धरली, मधली लोकर चाचपली. मग तिचं तोंड बदललं. म्हणाली, "लोकर आटली. बघ की, पसरली तवा केवढी होती अन् आता केवढीशी हाय. तार कुठं आटतीय? तिनं लांबी सोडली न्हाई. मग जाणार कुठं बिचारी? वर-खाली."

झालं. त्या दिवसापासून शालनचं जेवणाखाण्यात लक्ष नाही. जे आटत नाही ते उठतं. मग अजून काय काय आटत नाही? आणि तार कडेला नाही घातली, मधोमध घातली तर? तिरकी घातली तर? तळहाताएवढे तुकडे करायला लागली. लोकर कुठली, तर चांदभाईंच्या दुकानाच्या कोपऱ्यात पिंजताना उडालेली काळी-पांढरी, पुंजक्यापुंजक्यांची. एका तुकड्यात तिनं चांदभाईंचा कापूस मधे घातला. कापूस आटला नाही, लोकर आटली, आणि तुकड्यावर सगळीकडे फोड आल्यासारखं झालं, पुरी फुगते ना, तसं. मग रेल्वेच्या कुंपणाला घायपात आहे, त्याची पानं दगडावर ठेचून आतले तंतू काढायला निघाल्या दोघी. अगं, तो चीक! दोघींच्या हाताला कोपरापर्यंत अशी खाज सुटली, की वर्गात एकमेकींना पाठ घासत बसल्या होत्या. कौशल्याबाई म्हणाल्या, "काय गं, माकडं झालात काय?" पण ते तंतू वाळवून लोकरीत घातले, तर लोकरीनं त्यांना घट्ट धरलं आणि स्वतः आटली, आणि तंतूंच्या कमानी उठल्या वर, एकेक, सुईएवढ्या. शालन त्यांच्यावरून बोट फिरवायची आणि हसायची.

चांदभाईंना तिनं विचारलं, "चाचा, तुमी असं कधी करून बघितलं न्हाई?"

चांदभाई पिंजणाची तात थांबवून म्हणाले, "बेटा, मी गाद्या भरतो. रात्री गादी उठून बसली तर गिऱ्हाईक सकाळी मला मारायला येईल."

सगळ्यात भारी तुकडा झाला तो तीन तारांचा. पानाच्या शिरा असतात ना, तशा तीन तारा मधोमध उभ्या ठेवल्या, कडा मोकळ्या सोडल्या. कडा आटल्या, मधलं आटेना, आणि तो तुकडा स्वतःहून वाटीसारखा वळला आणि बुडावर उभा राहिला. कुणी हात लावला नाही, वाक दिला नाही. तालमीच्या कट्ट्यावर एवढंसं ते उभं. गौहरनं त्याला सलाम ठोकला.

मग परीक्षेची लोकर आली. पांढरी, धुतलेली, प्रत्येकीला एका आसनापुरती, जास्त नाही. कौशल्याबाईंनी बजावलं, "आता खेळ बंद. सपाट आसन. परीक्षक बाई प्रत्येक आसनावर स्वतः बसून बघतात." शालन मान हलवत होती, पण मी सांगते, तिचं लक्ष त्या लोकरीच्या ढिगाकडे होतं. एवढाली लोकर! तळहाताएवढं उभं राहिलं, मग एवढं मोठं राहील का? का आपल्याच वजनानं कोसळेल?

दुपारी दोघीच होत्या पडवीत. गौहरनं आपलं आसन लाटून वाळत टाकलं होतं, अगदी आरशासारखं सपाट. शालननं लोकर पसरली. एक थर, दुसरा थर. आणि हात गेला कमरेला. कमरेला तारा खोचून आणल्या होत्या बाईसाहेबांनी!

"शालन, न्हाई," गौहर म्हणाली. "विणलेलं चुकलं तर उसवशील. हे कसं उसवशील? एकदा धरलं की धरलं."

"ठाव हाय."

"तुझा बाप काजं करायला बसवंल."

"ते बी ठाव हाय. पण गौहर, मोठं उभं राहतं का न्हाई, हे मला ठाव न्हाई."

गौहरनं काय केलं माहितीय? डोक्यावरचा पदर खोचला आणि गुंडाळीचं दुसरं टोक धरून लाटायला बसली. शिव्या देत होती, पण लाटत होती.

आणि राहिलं उभं! वाळल्यावर चांगलं गुडघ्याच्या वर, सूप टोकावर उभं करावं तसं. तार भिजून गंजली होती, तिच्या तांबूस रेघा पांढऱ्या लोकरीतून बाहेर उमटल्या होत्या, तीन, वरपासून खालपर्यंत. गौहर म्हणाली डाग पडले. शालन म्हणाली, बघ, आत कुठं काय हाय ते बाहेरनं दिसतंय!

कौशल्याबाई आल्या आणि दारातच थांबल्या. "शालन. मी आसन सांगितलं होतं."

"आसनच हाय बाई. उठून बसलंय फक्त."

बाईंना हसू आलं असणार, पण त्यांनी कपाळाला हात लावला. दुसरी लोकर नव्हती. परीक्षक बाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या.

आल्या. रुक्मिणीबाई. चांगल्या भारदस्त, जाड भिंगाचा चष्मा, आणि खरंच गं, प्रत्येक आसनावर मांडी घालून बसत होत्या! बसायच्या, जरा हलायच्या, उठायच्या, मग पातळ झटकून बघायच्या लोकर चिकटली का. गौहरच्या आसनावर बसल्या तर उठायला तयार नाहीत. "हे झकास आहे हो," म्हणाल्या. आणि मग आलं शालनचं.

रुक्मिणीबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग शालनकडे बघितलं. "यावर मी कुठं बसू?"

पोरींनी तोंडात पदर कोंबले.

शालननं सगळं सांगितलं. तार, आटणं, कडा, मधलं. एका दमात. रुक्मिणीबाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाल्या, "मला परीक्षा आसनाची घ्यायची आहे. असं कर, तारा काढून टाक. सपाट झालं की मी बसते. मला बसता आलं की तू पास."

कौशल्याबाईंचा जीव भांड्यात पडला. धावत जाऊन पक्कड आणली त्यांनी. शालननं पक्कड घेतली, पण लगेच हात नाही लावला. तुला कळतंय ना तिच्या मनात काय चाललं होतं? तारा काढल्यावर काय होतं, हे तिनं कधी बघितलेलंच नव्हतं! एवढे तुकडे केले, एकातूनही तार काढली नव्हती. पास-नापास सगळं विसरून तिला एकदम तेच बघायचं होतं.

डावीकडची तार. एका टोकाचा बाहेर आलेला आकडा तोडला, दुसऱ्या टोकाला पक्कड लावली आणि ओढली. लोकर सोडेना. गौहरनं खालून धरलं, मग कर्रकर्र करत आली बाहेर, लाल भुकटी सांडत. सगळ्या बघतायत. आसन उभंच.

उजवीकडची. ती जरा सहज निघाली. आसन उभंच! किंचित थरथरलं, पण उभं.

आता रुक्मिणीबाई खाली उकिडव्या बसल्या होत्या. परीक्षक बाई, उकिडव्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बोटानं लोकर दाबून बघत म्हणाल्या, "थांब. शेवटची राहू दे. मी हे असंच पुण्याला नेते, आमच्या मोठ्या बाईंना दाखवते. त्या काय म्हणतील याची हमी मी देत नाही. पण उभं असलेलं बघितलं तर विचार तरी करतील. नियमानं नाही, पण एखादी जागा काढतीलही."

कौशल्याबाई शालनच्या कानाशी, "दे, दे त्यांना. किंवा ओढ आणि पाड एकदाचं. पण काहीतरी एक कर."

म्हणजे बघ हं. तार ठेवली तर पुण्याची आशा. तार ओढली आणि आसन आडवं पडलं, तर रुक्मिणीबाई बसणार आणि ती पास, तरी पुणं. पण ओढली आणि अर्धवटच लोळलं तर? ना बसायचं, ना दाखवायचं. आणि काजं-बटणं.

शालन म्हणाली, "बाई, पुण्याला नेल्यावर ही तार कुनी वढून बघंल का?"

रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आमच्या मोठ्या बाई? बघतीलच. त्यांना राहवणार नाही."

"मग तवा मी तिथं नसणार."

"नाही, तू कशी असशील?"

शालननं एकदा गौहरकडे बघितलं. गौहर डोळ्यांनी नको नको करत होती. आणि शालननं आकडा तोडला, पक्कड लावली आणि ओढली. सरळ, एका झटक्यात, सगळ्यांदेखत.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग म्हैस बसताना कशी पुढून हळूच वाकते, तसं ते आसन वरून वाकायला लागलं. हळू, हळू. शेंडा खाली आला, अजून खाली आला, आणि थांबला. अर्ध्यातच! वरची बाजू लोळलेली आणि खालची वाटी तशीच, घट्ट, कुणी दाबली तरी सपाट होईना. कौशल्याबाईंनी दोन्ही हातांनी दाबली, गुडघा दिला, रिठ्याचं पाणी शिंपडलं. हात काढला की परत वाटी. रुक्मिणीबाईंनी खरंच बसायचा प्रयत्न केला गं! बसल्या आणि एका बाजूला कलंडल्या, गौहरनं धरलं म्हणून, नाहीतर थेट आखाड्यात.

उठल्या, पातळ झटकलं. तोंड गोरंमोरं. "पडलंही नाही आणि उभंही नाही," म्हणाल्या. "मी आता काय लिहू?"

शालनचं लक्षच नव्हतं. ती त्या वाटीत हात घालून बसली होती. "गौहर, अगं तार गेली तरी वळण ऱ्हायलं! का ऱ्हायलं?"

गौहरला रडू येत होतं, तरी तिनं सांगितलं, "तारेखालची लोकर आटली न्हाई, बाजूची आटली. आता तार काढली म्हणून बाजूची काय परत वाढणार हाय, येडे?"

"मग वरचं का पडलं?"

"मला काय इचारतीस! नापास झालीस तू!"

झालीच. रुक्मिणीबाईंनी तसंच लिहिलं. जाताना दारात थांबल्या, मागे वळून त्या आसनाकडे बघितलं, मग शालनकडे, काहीतरी बोलणार होत्या, पण टांगेवाल्यानं हाक मारली आणि गेल्या. आसन नाही नेलं. अर्धं लोळलेलं नेऊन दाखवणार काय?

गौहर पुण्याला गेली. परवा तिचा निरोप आला, रंगाच्या खोलीत खरंच मडकी आहेत. आणि शालन घरी, काजं करतेय. उद्धवरावांनी दिला शब्द पाळला. आई दोन दिवस बोलली नाही तिच्याशी. कौशल्याबाई मात्र थेरगावला जाऊन आल्या, म्हणाल्या पुढच्या वर्षी बसू द्या हिला परीक्षेला. उद्धवराव हो म्हणाले नाहीत. पण नाही असंही म्हणाले नाहीत. नुसते बाहेर जाऊन वांग्यांना पाणी घालत बसले.

मी गेले होते तिला भेटायला. मला वाटलं, रडत असेल. पोलकं मांडीवर, सुई हातात. मी म्हटलं, "शालन, पस्तावलीस का गं?" तर तिनं दातानं दोरा तोडला. आणि म्हणते कशी, "वरची बाजू पातळ पसरली व्हती मी. तिथं लोकर जास्ती हवी व्हती."

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगू, घरी येताना नदी येईपर्यंत मीही तेच डोक्यात घोळवत होते, की वरची बाजू जाड असती, तर तार काढल्यावर ते राहिलं असतं का उभं?

बरं, आता बोल तू. पक्कड तुझ्या हातात होती, शेवटची तार तेवढी आत होती, आणि बाई म्हणत होत्या राहू दे. तू काय केलं असतंस?